सुलतानाच्या स्वप्नातलं राज्य

हातातलं काम थांबवू नका. शेंगा फोडत असाल तर फोडता फोडता ऐका. आज एका राज्याची गोष्ट सांगणार आहे. नकाशात शोधाल तर ते सापडणार नाही, कारण ते एका बाईनं कागदावर वसवलं. पण ती बाई खरी, तिचं घर खरं, आणि कागदावर राज्य वसवायची वेळ तिच्यावर का आली तेही खरं.

तिचं नाव रोकेया. जन्म १८८०चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंद गावी. हा भाग आता बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचं, खाण्यापिण्याला तोटा नाही. पण गोषा इतका कडक, की पाच वर्षांची असल्यापासून तिला परक्या बायकांसमोरसुद्धा यायची बंदी. हो, बायकांसमोर! पाहुण्या बायका आल्या की पोरीनं कुठं तरी लपून बसायचं. भावांना शिकायला कलकत्त्याला धाडलं. मुलींना मात्र कुराण म्हणण्यापुरतं अरबी आणि थोडं उर्दू. बंगाली, म्हणजे आजूबाजूला सगळे बोलतात ती भाषा, तीही लिहायला-वाचायला शिकायची नाही. थोरल्या भावानं रात्री घर झोपल्यावर चोरून तिला इंग्रजी आणि बंगाली शिकवलं. थोरली बहीण करीमुन्निसा हिचाही तिला आधार होता.

विशीच्या आतच लग्न झालं. नवरा, सखावत हुसेन, बिहारात भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट. बिजवर, वयानं बराच मोठा, पण बायकोनं लिहावं-वाचावं असं वाटणारा. एकदा ते कामानिमित्त दौऱ्यावर गेले. घरात एकटी रोकेया. वेळ जावा म्हणून तिनं इंग्रजीत एक गोष्ट लिहून काढली. नवरा परतला, त्यानं ती उभ्या उभ्याच वाचली आणि म्हणाला, हा तर भयंकर सूड आहे! म्हणाला खरा, पण गोष्ट दडवली नाही. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली. म्हणजे बायकांच्याच मासिकात, आणि त्याच्या संपादकही बाईच, कमला सत्यनाथन. गोष्टीचं नाव ‘सुलतानाज ड्रीम’, सुलतानाचं स्वप्न.

आता गोष्ट ऐका. सुलताना नावाची बाई संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगते. तिला वाटतं, सारा नावाची मैत्रीण आली आणि फिरायला चल म्हणाली. बाहेर पडते तर सकाळ, रस्त्यावर गर्दी, आणि सगळ्या बायकाच. सुलतानाला बुरख्याशिवाय चालायची सवय नाही, ती अंग चोरून चालते. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसतात. काय म्हणतात? ही तर अगदी पुरुषासारखी दिसते! तिला कळेना. सारा सांगते, अगं, पुरुषासारखी म्हणजे लाजरी आणि भित्री.

कारण या स्त्रीराज्यात पुरुष घरात असतात. जनानखाना नाही, ‘मर्दाना’ आहे. स्वयंपाक ते करतात, पोरं ते सांभाळतात. सुलताना विचारते, पुरुष बळकट असतात, त्यांना आत कसं कोंडलं? सारा म्हणते, सिंहसुद्धा माणसापेक्षा बळकट असतो, म्हणून तो माणसावर राज्य करतो का? वेडे मोकळे सुटले आणि शहाण्यांना कोंडून ठेवलं, तर तुला ते बरोबर वाटेल का? मग तुमच्याकडं त्रास देणारे बाहेर आणि निरुपद्रवी बायका आत, हे कसं? सुलतानाला उत्तर देता येत नाही. सारा कचेरीचं काम दोन तासांत उरकते. पुरुषांना अख्खा दिवस का लागायचा, त्याचा हिशेबही तिच्याजवळ आहे: एका चिरुटाला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, झाले सहा तास! कुणाच्या घरी तंबाखू मळत बसण्याचा असाच हिशेब निघतो का, ते तुम्ही बघा.

मला सगळ्यात आवडतं ते तिथलं स्वयंपाकघर. भाज्यांच्या बागेत मांडलेलं, धूर नाही, कोळसा नाही. सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर रांधायचं. १९०५ साली, बरं का. चुलीपुढं डोळे चोळत बसलेल्या बाईच्या मनात काय येतं, हे रोकेयानं नीट टिपलंय.

पण हे राज्य आलं कसं? इथं जरा कान देऊन ऐका. तिथली राणी हुकूम काढते, की सगळ्या बायकांना शिक्षण मिळालं पाहिजे. शाळा निघतात. एकवीस वर्षांच्या आत लग्न बंद. बायकांची दोन विद्यापीठं होतात. एक ढगातून पाणी ओढून घ्यायची युक्ती काढतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवायची. पुरुष तेव्हा फौजा वाढवण्यात गुंतलेले, ते या सगळ्याला हसतात. पुढं शेजारच्या राज्यातून काही माणसं आसऱ्याला येतात. तिथला राजा म्हणतो, त्यांना परत द्या. राणी देत नाही. लढाई होते, फौज हरते, सोळा वर्षांची पोरंही रणात जातात. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राचार्या पुढं येतात. म्हणतात, आम्ही बघतो, पण आधी पुरुषांनी घरात जावं. थकलेले, जखमी पुरुष निमूट आत जातात. प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणावर जातात, साठवलेलं ऊन शत्रूवर सोडतात, शत्रू पळतो. नंतर पोलीस अधिकारी वगैरे मंडळी अर्ज करतात, आता आम्हाला बाहेर सोडा. राणी कळवते, गरज पडली तर बोलावू!

क्रम बघा. शाळा आधी, सत्ता नंतर. राणी गादीवर होतीच, पण गादीवर असून भागलं नाही. संकट आलं तेव्हा तिच्याजवळ शिकलेल्या, आपलं डोकं चालवणाऱ्या बायका होत्या, म्हणून निभावलं. आपल्या पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. खुर्ची आहे. पण सही कुठं करायची हे शेजारी उभं राहून नवराच सांगत असेल, तर त्या खुर्चीचं काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक गोष्ट मला खटकते, तीही बोलते. कोंडणं वाईट, तर पुरुषांना कोंडणं चांगलं कसं? मला वाटतं, रोकेयाला असं राज्य खरंच आणायचं नव्हतं. तिनं चालीरीत नुसती उलटी करून दाखवली. पुरुष आत कोंडलेत हे वाचून ज्याला अन्याय वाटला, त्याला बायका आत असताना तो का दिसला नाही? आपल्याकडं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’त अशीच बाजू उलटवली होती, पण ती थेट भांडून. आणि काशीबाई कानिटकरांनी १९२८ साली ‘पालखीचा गोंडा’ कादंबरीत एका संस्थानाचा कारभारच बाईच्या हाती दिला. नवरा राजा, पण वेडसर.

आता स्वप्नातून बाहेर येऊ. सुलतानाही हवेतल्या गाडीतून पडते आणि आपल्याच खुर्चीत जागी होते. १९०९ साली सखावत हुसेन वारले. रोकेयाबेगमनी त्यांच्या नावानं भागलपूरला मुलींची शाळा काढली, पाच मुलींची. मग त्या कलकत्त्याला आल्या आणि १९११ साली आठ मुलींवर पुन्हा सुरुवात केली. मुली मिळवायला घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालायची. कडक गोषाविरुद्ध इतकं लिहिणाऱ्या बाईनं स्वतः मात्र बुरखा सोडला नाही. सोडला असता तर पोरी कुणी पाठवल्या असत्या?

शाळेच्या गाडीची हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. मुलींना गोषा पाहिजे म्हणून गाडी चहूबाजूंनी बंद केली, पुढं-मागं तेवढी बारीक जाळी. जणू चाकांवरचं कपाट. उकाड्यानं आणि अंधारानं मुली ओकल्या, काहींना घेरी आली. आईबापांनी तक्रार केली. मग बाजू उघड्या करून पडदे लावले. तर लगेच दुसरी पत्रं आली: वाऱ्यानं पडदे हलतात, गोषा मोडतो, असंच चाललं तर वर्तमानपत्रात छापू. गाडी बंद ठेवली तरी तक्रार, उघडली तरी तक्रार. त्यांनी गोष्टीत बायकांना हवेत उडणाऱ्या गाडीत बसवलं होतं, आणि कलकत्त्यात एका पडद्यासाठी हा झगडा.

शाळा त्यांनी बंद पडू दिली नाही. ९ डिसेंबर १९३२ ला त्या गेल्या. बांगलादेशात तो दिवस रोकेया दिवस म्हणून पाळतात. आणि आठ मुलींची ती शाळा कोलकात्यात आजही भरते, आता ती सरकारी आहे.