एका शब्दावर अडलेले निःशस्त्रीकरण

शब्दाचे मोल साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. पण एका शब्दापायी जगाचा इतिहास अडून राहावा, असे क्वचितच घडते. ११ व १२ ऑक्टोबर १९८६ रोजी आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविक येथे, रेगन आणि गोर्बाचेव्ह भेटले. दहा वर्षांत सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्यापर्यंत बोलणी पोहोचली. घोडे अडले ते 'प्रयोगशाळा' या शब्दावर. अमेरिकेच्या नियोजित अंतराळ-संरक्षण यंत्रणेच्या चाचण्या प्रयोगशाळेपुरत्याच राहाव्यात, हा गोर्बाचेव्ह यांचा आग्रह रेगन यांनी मानला नाही. करार फिसकटला.

मग ही भेट व्यर्थच म्हणायची काय? तसे म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा प्रश्न त्या अटीपासून वेगळा काढला आणि ८ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या झाल्या. १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याचा हक्क दोन्ही देशांनी मान्य केला होता, हे त्यामागचे खरे बळ. पुढे परस्परांवर करारभंगाचे आरोप झाले आणि २०१९ मध्ये हाही करार संपुष्टात आला. निःशस्त्रीकरणात शब्द महत्त्वाचा खरा. पण तो टिकतो तपासणीच्या आधारावर.