ज्याला आम्ही लोकगीत समजत होतो

मागच्या काही भागांत आपण रायपूरचे तलाव, मठ आणि जुने पारे पाहिले. आजचा भाग एका आवाजाबद्दल आहे. आणि थोडासा माझ्याबद्दलही आहे, कारण आज मला माझी एक चूक तुमच्यासमोर कबूल करायची आहे.

तारीख ३ नोव्हेंबर २०१८, शनिवार. धनत्रयोदशी दोन दिवसांवर आलेली. मी गोलबाजारात पणत्या घ्यायला गेलो होतो. दिवाळीची गर्दी, त्यात विधानसभेच्या निवडणुकीचे भोंगे. पणत्यांच्या दुकानात मोबाइलवर एक गाणं लागलं होतं, ‘मोर संग चलव रे’. रायपुरात वाढलेल्या माणसाला हे गाणं शिकवावं लागत नाही. मीही सवयीने गुणगुणायला लागलो. दुकानदार म्हणाला, "गाने वाला आज गुजर गया, भइया." मी म्हटलं, "किसने गाया था? ये तो लोकगीत है ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, थोड्या आश्चर्याने. म्हणाला, "लोकगीत कैसे? लछमन मस्तुरिया ने लिखा, उसी ने गाया. अपने रायपुर में ही तो रहते थे."

मी इतिहासाचा शिक्षक. तीस वर्षं मुलांना सांगत आलो की लोकगीताला कर्ता नसतो, ते लोकांच्या तोंडून घडत जातं. आणि जे गाणं मी चाळीस वर्षं गुणगुणत होतो, त्याचा कर्ता माझ्याच गावात राहत होता. इथल्या राजकुमार कॉलेजात त्याने शिकवलं होतं. मला त्याचं नाव कळलं ते तो गेला त्या दिवशी.

आता हे असं का झालं, ते सांगतो. ती फक्त माझ्या विसरभोळेपणाची गोष्ट नाही.

आमचं घर तात्यापाऱ्यातलं. रायपुरात मराठी माणसं नवीन नाहीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढवर आली, तिच्याबरोबर कारकून, शिलेदार, भिक्षुक असे सगळे आले. १८५४मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं. पुढे मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. म्हणजे १९५६पर्यंत आमचं सरकार, आमची वरची कोर्टं, पुष्कळांची कॉलेजं नागपुरातच. माधवराव सप्रे याच मुलखातले. १९००मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं, आणि १९२६मध्ये त्यांचा शेवट रायपुरातच झाला. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, दोन्ही आम्ही नीट सांभाळल्या.

आणि छत्तीसगढी? ती आम्हाला येत होती. चांगली येत होती. पण ती आम्ही कुणाशी बोलायचो, ते आठवून पाहिलं की मान खाली जाते. रिक्षावाल्याशी. भाजीवालीशी. भांडी घासायला येणाऱ्या बाईशी. आमची आजी दिवसभर छत्तीसगढी बोलायची, पण त्यात बहुतेक वाक्यं हुकमाची. ये, जा, आण, ठेव. ज्या भाषेत आपण फक्त हुकूम देतो, त्या भाषेत कुणी कवी असेल, असं आपल्या मनातच येत नाही. त्या भाषेतलं गाणं ऐकलं की आपण म्हणतो, असेल काहीतरी खेड्यातलं. लोकगीत.

हे फक्त मराठी घरांत होतं असंही नाही. १९५९मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. देशभरातून माणसं इथे नोकरीला आली. ऑफिसची भाषा इंग्रजी, बाजाराची हिंदी. शाळेत छत्तीसगढी बोललेलं पोर गावंढळ ठरायचं. ज्यांची ती आईची भाषा होती, तीच माणसं शहरात आली की ती पिशवीत घालून ठेवायची.

या पार्श्वभूमीवर १९७१ साल पाहा. दुर्गजवळ बघेरा नावाचं गाव. तिथले दाऊ रामचंद्र देशमुख. ‘दाऊ’ म्हणजे इकडचा मालगुजार. विदर्भातल्या लोकांना मालगुजार समजावून सांगायला नको. नाव ऐकून तुम्हाला मराठी वाटेल, पण हे छत्तीसगढी कुर्मी शेतकऱ्याचं घर. या दाऊंनी गावोगाव फिरून गाणारे, वाजवणारे, नाचणारे गोळा केले आणि ७ नोव्हेंबर १९७१ रोजी बघेऱ्यात एक प्रयोग केला, ‘चंदैनी गोंदा’. चंदैनी गोंदा म्हणजे लहान फुलांचा झेंडू. कोकणातल्या मंडळींना त्यांचा गोंडा आठवेल. शेतकऱ्याचं आयुष्य, त्याचे सण, त्याचं दुःख, सगळं गाण्यांतून उलगडत जायचं. खेड्यातल्या माणसाला तोवर मंचावर विनोदासाठी उभं करत. इथे तो स्वतःची कहाणी स्वतःच्या भाषेत, ताठ मानेने सांगत होता.

त्या मंचावर एक बावीस वर्षांचा मुलगा होता. लक्ष्मण मस्तुरिया. जन्म ७ जून १९४९, बिलासपूर जिल्ह्यातल्या मस्तुरी गावचा. गावाचंच नाव त्याने लावलं. तो गीतं लिहायचा आणि स्वतः गायचाही. आवाज फार कमावलेला नव्हता. पण त्यात एक हाक होती, बांधावर उभं राहून पलीकडच्या शेतातल्याला मारावी तशी.

या गीतांना चाल देणारा माणूस वेगळा, खुमानलाल साव. त्यांची ओळख करून द्यायची तर थोडं मागे जावं लागेल.

छत्तीसगढात ‘नाचा’ नावाचा लोकनाट्याचा प्रकार आहे. आपल्या तमाशाचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. रात्रभर चालणारा, मशालीच्या उजेडात, वाजवणारे उभ्यानेच वाजवतात. सुराला चिकारा, म्हणजे सारंगीसारखं छोटं वाद्य. १९२८च्या सुमारास राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ दुलारसिंह साव, म्हणजेच मंदराजी, यांनी स्वतःची नाचा पार्टी उभी केली. चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली ती त्यांनी. त्या पायी घरची शेती गेली, असं सगळे सांगतात. १९८४मध्ये ते गेले तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. आज राज्य सरकार त्यांच्या नावाने सन्मान देतं.

खुमान साव हे या मंदराजींच्या नात्यातले. जन्म १९२९चा. पोरवयात त्यांनी मंदराजींच्या पार्टीत हार्मोनियम वाजवली. पुढे राजनांदगावात शिक्षक झाले, ऑर्केस्ट्रा चालवला, सिनेमाची गाणीही वाजवली. म्हणजे नाचा आणि ऑर्केस्ट्रा, दोन्हींची नस त्यांना ठाऊक होती. ‘चंदैनी गोंदा’त त्यांनी काय केलं, ते नीट समजून घ्या, कारण आमची फसगत तिथेच झाली.

सुआ, ददरिया, करमा, गौरा हे इकडचे गाण्याचे प्रकार. प्रत्येकाची लय ठरलेली, ऋतू ठरलेला. सुआ दिवाळीच्या तोंडावर बायका टाळ्या वाजवत, गोल फिरत गातात, मधे टोपलीत मातीचा पोपट. ददरिया शेतात काम करताना, सवाल-जबाबासारखा. खुमान सावांनी या चालींचा गाभा घेतला, ढोबळ नक्कल केली नाही. सोबत हार्मोनियम, तबला, बासरी, बेंजो आणि आपला मांदर. नवीन कवीचे नवीन शब्द त्या जुन्या लयीत असे बसवले की ऐकणाऱ्याला वाटावं, हे मी लहानपणापासून ऐकतोय. गाणं कालचं, ओळख शंभर वर्षांची.

संगीतकाराचं याहून मोठं यश कोणतं? आणि याहून मोठं नुकसान तरी कोणतं? गाणं इतकं आपलं वाटलं की कुणाचं आहे हे विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

ते घरात आणलं रेडिओने. आकाशवाणीचं रायपूर केंद्र २ ऑक्टोबर १९६३ला सुरू झालं. संध्याकाळी खेड्यातल्या श्रोत्यांसाठी ‘चौपाल’ लागायचं. आमच्याकडे रेडिओ आजोबांच्या ताब्यात. बातम्या झाल्या की बंद. पण स्वयंपाकघरातून कामवाली बाई ओरडायची, "बंद झन करव, बबा!" आणि आजोबा, कुणाचंही न ऐकणारे आजोबा, तिच्यासाठी चालू ठेवायचे. भांडी घासता घासता ती त्या आवाजात आपला आवाज मिसळायची. ‘मोर संग चलव रे’, म्हणजे माझ्यासोबत चला. हरलेल्याला, मागे राहिलेल्याला सोबत घेऊन निघायचं गाणं. तेव्हा ते मला चालीसाठी आवडायचं. त्या बाईला कशासाठी आवडत असेल, हा विचार मी साठीत केला.

एक गोष्ट लक्षात घ्या. १९७१मध्ये छत्तीसगढ नावाचं राज्य नव्हतं. मध्य प्रदेशाचा हा एक कोपरा होता, राजधानी भोपाळ, रात्रभराचा रेल्वेप्रवास. राज्य झालं १ नोव्हेंबर २०००ला. त्याच्या पाच दिवस आधी, २७ ऑक्टोबरला, ‘मोर छंइहा भुंइया’ हा छत्तीसगढी सिनेमा लागला आणि रायपुरात थेटरांवर झुंबड उडाली. त्याची गाणी मस्तुरियांची. राज्य होण्याआधी तीस वर्षं हा माणूस आणि त्याचे साथीदार ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचं उत्तर गावोगाव गात फिरत होते. नकाशा नंतर आला.

मस्तुरियांनी ‘सोनाखान के आगी’ हे दीर्घकाव्यही लिहिलं, वीर नारायणसिंहावर. १८५६च्या दुष्काळात सोनाखानच्या या जमीनदाराने व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार भुकेल्या लोकांसाठी उघडलं. इंग्रजांनी पकडलं, तो रायपूरच्या तुरुंगातून निसटला, पुन्हा पकडला गेला, आणि १० डिसेंबर १८५७ला रायपुरात फाशी गेला. मी वर्गात हा इतिहास शिकवायचो तो पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींतून. त्याच शहरात त्यावर अख्खं काव्य लिहिणारा माणूस होता. एकदा शाळेत बोलावलं असतं तर? सायकलवर जाण्याइतकं अंतर.

मस्तुरिया गेले तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. राज्याचा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. चार दिवसांनी लक्ष्मीपूजन आलं, ७ नोव्हेंबरला. बघेऱ्यातल्या त्या पहिल्या प्रयोगाला त्या दिवशी बरोबर सत्तेचाळीस वर्षं झाली. त्या संध्याकाळी आमच्या दारात सुआ गाणाऱ्या मुली आल्या. मी पहिल्यांदा त्यांना बसायला सांगितलं, आणि गाणं कुठून शिकलात ते विचारलं. एक म्हणाली आईकडून, एक म्हणाली मोबाइलवरून. दोघींचं खरं होतं.

पुढच्या जूनमध्ये, ९ तारखेला, खुमान सावही गेले. नव्वदीला आले होते. दाऊ देशमुख १९९८मध्येच गेले होते. त्यांच्यामागे ‘चंदैनी गोंदा’ खुमान सावांनी अखेरपर्यंत चालू ठेवला. संगीत नाटक अकादमीने त्यांना २०१५चा पुरस्कार दिला होता, हे त्यातल्या त्यात बरं. शब्द आणि चाल, दोघं सात महिन्यांच्या अंतराने गेले. आता राज्याने दोघांच्या नावाने सन्मान सुरू केले आहेत.

२०१९मध्ये ‘अरपा पैरी के धार’ हे राज्यगीत जाहीर झालं. त्याचे कवी डॉ. नरेंद्रदेव वर्मा १९७९मध्ये वारले होते. मध्ये चाळीस वर्षं गेली. तेही गाणं मी लोकगीत समजत होतो. आता हसू नका, तुमच्यातलेही काही समजत असतील.

काही जण म्हणतील, गाणं राहिलं ना, नाव गेलं तर काय बिघडलं? मलाही पूर्वी हे पटायचं. आता पटत नाही. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं, म्हणून साडेतीनशे वर्षांनीही खेड्यातली निरक्षर म्हातारी कवीचं नाव घेते. नाव गेलं की गाण्यामागची मेहनत जाते, गेलेली शेती जाते, गावोगावची जागरणं जातात. उरतं ते ‘खेड्यातलं काहीतरी’. आणि ज्यांची ती भाषा आहे, त्यांनाही मग वाटतं, आपल्यात कुणी मोठं झालंच नाही.

म्हणून मी वर्गातलं माझं वाक्य बदललं. निवृत्त झालोय, पण नातीची शिकवणी घेतो. तिला सांगतो, लोकगीताला कर्ता नसतो असं म्हणू नकोस. कर्ता कोण होता हे विचारलं गेलं नाही, असंही असू शकतं. आधी विचार.

तुमच्या गावातही असं एखादं गाणं असेल. लग्नात, गणपतीत, एसटीत वाजणारं, सगळ्यांना पाठ असलेलं. ते कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, शोधून बघा. माणूस हयात असेल तर त्याच्या घरी जाऊन या. मला गोलबाजारात कळलं तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या भागात बूढातलावाच्या काठावर भेटू. नमस्कार.