'माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा', म्हणजे नक्की कोण?

पोलीस भरतीची लेखी परीक्षा १०० मार्कांची. त्यात बुद्धिमत्ता चाचणी, आणि त्यात नातेसंबंधाचे प्रश्न. भरतीच्या ग्रुपवर फिरणारा हा नेहमीचा नमुना बघा : फोटोकडे बोट दाखवून सुनीता म्हणते, "हा माझ्या आजोबांच्या एकुलत्या एका मुलाचा मुलगा." तो सुनीताचा कोण?

कुणी म्हणतं भाऊ, कुणी म्हणतं मामेभाऊ. आणि दोघांचंही बरोबर असू शकतं!

मराठीत काका-मामा वेगळे, आत्या-मावशी वेगळ्या, इंग्रजीसारखा सगळ्यांचा 'अंकल-आंटी' होत नाही. पण वडिलांचे वडीलही आजोबा आणि आईचे वडीलही आजोबा. हिंदीत दादा-नाना असा फरक आहे, त्यामुळे तिथे हा घोळच होत नाही. अशा वेळी पर्याय बघायचे. दोनपैकी एकच नातं दिलेलं असेल, तर तेच उत्तर.

दुसरी गोष्ट, 'वाक्य शेवटून सोडवा' हा सल्ला डोळे झाकून घेऊ नका. तो इंग्रजी वाक्यासाठी ठीक आहे, कारण तिथे 'माझे' शेवटी येतं. मराठीत 'माझ्या' आधीच आलेलं असतं. तिथून सरळ पुढे चालायचं आणि प्रत्येक 'चा-ची-च्या'पाशी थांबून कागदावर एक माणूस मांडायचा. पुरुषाला अधिक, बाईला वजा, नवरा-बायकोमध्ये बरोबरचं चिन्ह, भावंडं एका ओळीत, मुलं खालच्या ओळीत. बस.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते लिंग गृहीत धरल्यामुळे. 'क हा ख चा भाऊ आहे' यात 'हा'मुळे क पुरुष आहे हे कळतं. ख भाऊ की बहीण, हे कळत नाही. तिथे प्रश्नचिन्हच ठेवा.

खरी गंमत मात्र पेपरच्या बाहेर आहे. आमच्या पिंपळगाव राजात (तालुका खामगाव) लग्नाच्या मांडवात एकच माणूस नवरदेवाचा मामाही निघतो आणि सासराही. इतिहासातलं उदाहरण घ्या. राजाराम महाराजांच्या आई सोयराबाई. त्यांचे भाऊ सरसेनापती हंबीरराव मोहिते. हंबीररावांची मुलगी ताराबाई, राजाराम महाराजांची पत्नी. म्हणजे हंबीरराव त्यांचे मामा आणि सासरे, दोन्ही! मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या महाराष्ट्रातल्या या चालीबद्दल इरावती कर्वे यांनी १९५३ च्या भारतातील नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात लिहिलं आहे. अशा लग्नात मुलीची आत्याच तिची सासू होते. गावाकडे सासूला 'आत्या' म्हणतात ते त्यामुळेच.

परीक्षेत मात्र एवढं डोकं चालवायचं नाही. प्रश्नात जे नातं सांगितलंय, तेवढंच धरायचं.

आता आपल्याच जिल्ह्यातला एक. सिंदखेड राजाचे लखुजीराव जाधव हे जिजाऊंचे वडील. मग जिजाऊंचे नातू संभाजी महाराज, त्यांचे लखुजीराव कोण? पणजोबा. आणि आजोबांसारखंच, वडिलांकडचे की आईकडचे हे 'पणजोबा' या शब्दावरूनही कळत नाही.