वाटाण्याच्या रोपाने घालून दिलेली रीत

नांदेड-लातूरकडे आज हातातल्या मोबाईलवर लघुपट होतात. 'आधी शूट करू, बाकीचं एडिटिंगला बघू' हे त्या कामातलं नेहमीचं वाक्य. पण ही रीत स्वस्त मेमरी कार्डाबरोबर आली. आपल्याकडचा चित्रपटधंदा उभा राहिला तो याच्या नेमका उलट. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले आणि भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा लघुपट केला. कुंडीसमोर कॅमेरा रोवून ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपायची. त्या काळच्या वेगाने सोळा चौकटी म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. कोंब किती वेळात वर यावा, हे बी पेरतानाच ठरवावं लागलं असणार, कारण अंतर चुकलं तर रोप झटक्यात उडी मारल्यासारखं दिसतं आणि वाढलेलं रोप पुन्हा लहान होत नाही. चित्रीकरणानंतरचं काम इथे चित्रीकरणाच्या आधीच झालेलं होतं. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये इंग्रजी-हिंदी पाट्या आल्या. त्यांना जागा ठेवायची तर प्रसंग कुठे तोडायचा हे आधी ठाऊक हवं.

यावर कोणी म्हणेल, फिल्म महाग होती म्हणून ही शिस्त आली. ते खरंच आहे; पस्तीस मिलिमीटरच्या बोलपटात एका मिनिटाला ९० फूट फिल्म जाते आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. पण फिल्म फुकट मिळाली असती तरी ते रोप दुसऱ्यांदा उगवलं नसतं. आजही खर्च टळलेला नाही, तो फक्त पुढे सरकला आहे: दहा मिनिटांच्या लघुपटासाठी दहा तासांचं चित्रण केलं, तर ते नुसतं एकदा पाहायलाच दहा तास जातात. नियोजनाने उत्स्फूर्तता मरते, हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि माहितीपटाच्या बाबतीत तो बराचसा मान्य करायला हवा. तरीही रोप त्याच्या मर्जीनेच वाढत होतं. फाळक्यांनी नियोजन केलं ते त्याची वाढ हुकू नये म्हणून.

आजच्या लघुपटालाही असंच नियोजन लागतं. नांदेडच्या गल्लीत मराठीतून दखनीत सहज वळणारा संवाद बाहेरच्या प्रेक्षकाला उपशीर्षकांशिवाय कळणार नाही, आणि त्यांच्यासाठी चौकटीत खाली जागा सोडायची ती कॅमेरा लावतानाच. संवादांखाली जोडण्यासाठी रिकाम्या खोलीचा मिनिटभराचा आवाजही चित्रीकरणाच्या जागीच टिपावा लागतो. संकलनाच्या टेबलावर तो मिळत नाही. लघुपट करणाऱ्यांनो, पहिला शॉट घेण्याआधी एक दिवस संकलकासोबत बसा.