एअर फिल्टर शेतातून आला, त्याची गोष्ट



मागच्या आठवड्यात पुतण्याच्या कारचा एअर फिल्टर बदलला. जुना फिल्टर कागदावर झटकला तर मूठभर माती निघाली. पोरगं म्हणालं, "आबा, एवढी माती आत आली कुठून?" म्हटलं, आपल्या वस्तीच्या रस्त्यावरून. आणि ही माती अडवायची अक्कल माणसाला आली तीसुद्धा शेतातूनच. त्याला सांगितलेली गोष्ट आज इथं लिहितो. जरा लांब आहे, पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यानं वाचावी. माझी स्वतःची चूकही यात आहे.

आधी हिशेब. ट्रॅक्टरचं इंजिन अडीच लिटरचं धरा. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. मिनिटाला 2000 फेरे म्हणजे 1000 वेळा अडीच लिटर, 2500 लिटर झाली. तासाला दीड लाख लिटर. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाही, म्हणून थोडी कमी धरा. उन्हाळ्यात आपल्याकडं पाण्याचा 10000 लिटरचा टँकर येतो, तसे बारा-तेरा टँकर हवा इंजिन एका तासात पिऊन टाकतं. आणि ही हवा कुठली? रोटाव्हेटरमागं उडणाऱ्या फुफाट्यातली, नाहीतर मळणीच्या भुशातली.

फुफाट्यात गारगोटीचे बारीक कण असतात. गारगोटीनं लोखंडावर चरा पडतो हे आपण लहानपणीच बघितलंय. तोच कण पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये गेला, तेलात मिसळला, की पॉलिश पेपरचं काम करतो. मिनिटाला हजारो वेळा घासतो.

आता शंभर वर्षं मागं जाऊ. सुरुवातीच्या गाड्यांना फिल्टर नव्हताच. फोर्डची मॉडेल टी 1908 साली अमेरिकेत आली, लाखोंनी खपली, पण कारखान्यातून येताना तिला एअर फिल्टर नसायचा. गाडी रस्त्यानं जायची, धूळ मागं राहायची, म्हणून थोडंफार निभायचं. ट्रॅक्टरचं तसं नाही. तो हळू चालतो आणि स्वतःच उडवलेल्या धुरळ्यात दिवसभर उभा असतो. म्हणून हे दुखणं पहिलं शेतकऱ्याला कळलं.

त्या काळी अमेरिकेत मिनियापोलिसच्या बुल ट्रॅक्टर कंपनीचा छोटा तीन चाकी ट्रॅक्टर गाजत होता. किंमत 335 डॉलर. घोड्यांवर शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यालाही घ्यावासा वाटेल असा. या कंपनीत फ्रँक डोनाल्डसन नावाचा विक्री इंजिनिअर होता. त्यानं युटा राज्यातल्या एका शेतकऱ्याला ट्रॅक्टर विकला. युटा म्हणजे कोरडा मुलूख, पाऊस कमी, धूळ उदंड. ट्रॅक्टर सारखा बंद पडू लागला आणि शेतकरी तक्रार करत राहिला.

डोनाल्डसनला कळलं की इंजिन माती खातंय. साल 1915. त्यानं तारेचा पिंजरा केला, त्यावर मऊ लवदार कापड चढवलं आणि ते लांब पाइपाच्या टोकाला, इंजिनच्या बऱ्याच वर बसवलं. वरची हवा स्वच्छ असते, एवढा साधा विचार. ट्रॅक्टर चालू राहिला. आपल्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभी नळी आणि तिच्यावर टोपी दिसते ना, त्यामागं हाच विचार आहे.

पुढची गोष्ट अशी सांगतात की डोनाल्डसननं हे कंपनीत सांगितलं, तर शाबासकी राहिली बाजूला, त्याची नोकरी गेली. आमच्या मालात खोट आहे असं आमचाच माणूस म्हणतो, हे मालकांना रुचलं नाही. मग त्यानं घरच्यांना घेऊन फिल्टरचाच धंदा काढला. ती कंपनी आजही आहे. बुल ट्रॅक्टर मात्र काही वर्षांतच बाजारातून गेला.

त्याच बुल कंपनीचा ट्रॅक्टर नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याकडं होता. आधी घेतलेला दुसऱ्या एका कंपनीचा ट्रॅक्टर फसला, हाही फसला. हा गडी पुढं आमदार झाला आणि 1919 साली त्यानं कायदा करून घेतला: नेब्रास्कात ट्रॅक्टर विकायचा असेल तर आधी विद्यापीठात त्याची चाचणी झाली पाहिजे. 1920 पासून चाचण्या सुरू झाल्या. कागदावरची ताकद आणि खरी ताकद वेगळी, हे सगळ्यांना दिसलं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात त्याच दशकात एअर क्लीनरच्याही चाचण्या झाल्या, धूळ मोजून आत सोडायची आणि किती अडते ते बघायचं. पुढं फिल्टर तपासायला ॲरिझोनातल्या सॉल्ट नदीच्या खोऱ्यातली धूळ प्रमाण मानली गेली. आज जगात कुठल्याही गाडीचा फिल्टर तपासतात तो 'ॲरिझोना डस्ट' या नावाच्या धुळीवर.

फिल्टरही बदलत गेले. 1917 च्या फोर्डसन ट्रॅक्टरला हुक्क्यासारखी पाण्यातून हवा ओढायची सोय होती. पण पाणी आटायचं, थंडीत गोठायचं. मग पाण्याच्या जागी तेल आलं. तो ऑइल बाथ एअर क्लीनर. हवा नळीतून खाली येते, तेलाच्या वाटीवर आपटून उलटी वळते, जड कण तेलात पडतात, उरलेले वरच्या तारेच्या जाळीत अडकतात. भारतात आयशरचा पहिला ट्रॅक्टर 1959 साली फरीदाबादला तयार झाला, महिंद्रानं 1963 साली मुंबईत सुरुवात केली. त्या पिढीच्या ट्रॅक्टरांवर आपण तेलाची वाटीच बघितली. कागदी घड्यांचा फिल्टर 1950 च्या दशकात गाड्यांमध्ये रुळला आणि नंतर ट्रॅक्टरांवर आला. तो 99 टक्क्यांच्या वर धूळ अडवतो. ऑइल बाथ त्याच्या थोडा मागं पडतो, आणि इंजिन हळू चालत असलं की आणखी मागं.

आता माझी चूक.

आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला तेलाची वाटी होती. वाटी काढायची, गाळ फेकायचा, डिझेलनं धुवायची, खुणेपर्यंत तेल भरायचं. जितकं जास्त साफ कराल तितकं चांगलं, हेच डोक्यात बसलेलं. पुढं मी कागदी फिल्टरचा ट्रॅक्टर घेतला आणि त्यालाही तोच न्याय लावला. रोज काढायचा, मडगार्डवर आपटायचा, पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची फुल हवा मारायची. लोक म्हणायचे, आबा मशीन लई जपतात.

तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर तेल खायला लागला. ब्रीदरमधून धूर, सकाळी स्टार्टिंगला त्रास. मिस्त्रीनं इंजिन खोलायच्या आधी फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला माती. "काका, फिल्टर बघा," म्हणाला. आत बॅटरी लावली तर कागदाला बारीक भोकं, त्यातून उजेड दिसत होता. आपटून आपटून रबराची कडही वाकडी झालेली. लायनरवर उभ्या रेघा. अर्धं इंजिन नवं करावं लागलं. त्या वर्षीचं सोयाबीन त्यातच गेलं, आणि ट्रॅक्टरचे हप्ते अजून चालू होते. काही शे रुपयांचा फिल्टर वाचवायला गेलो होतो.

मिस्त्रीनं तेव्हा सांगितलं ते असं. थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा जास्त धूळ अडवतो, कारण बसलेली धूळच चाळणी बारीक करते. म्हणून उगीच काढू नका. इंडिकेटर लाल झाला किंवा पुस्तकात लिहिलेले तास भरले की मगच हात लावा. साफ करायचाच तर हवा कमी दाबानं, 30 पीएसआयच्या आत, आणि आतून बाहेर. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नाही, बदलायचा. आणि ऑइल बाथ असेल तर तेल खुणेच्या वर भरू नका. ते इंजिन ओढून घेतं आणि डिझेल इंजिन आवरेनासं होऊन पळत सुटतं.

कारचंही तेच. क्लिपा काढा, डब्यातली माती ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नवा फिल्टर रबराच्या कडेनं नीट बसलाय का बघा. कड बसली नाही तर फिल्टर असून नसल्यासारखा. एक गैरसमजही सोडा. नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या फिल्टरनं ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं 2009 साली हे तपासलंय. म्हणजे ॲव्हरेज ठीक आहे म्हणून फिल्टर ठीक आहे, असं धरू नका. फिल्टर इंजिनच्या आयुष्यासाठी आहे.

पुतण्यानं विचारलं, "मग त्या युटाच्या शेतकऱ्यानं केलं काय?" म्हटलं, त्यानं तक्रार सोडली नाही, आणि ऐकणारा माणूस त्याला भेटला. माझ्या ट्रॅक्टरनं तीन वर्षं धुरानं तक्रार केली, मी ऐकली नाही.

आता टूलबॉक्सच्या झाकणावर आतून रंगानं लिहून ठेवलंय: फिल्टर कधी बदलला, मीटरवर किती तास होते. तुमच्या ट्रॅक्टरवर लिहिलेलं नसेल तर हरभऱ्याच्या मळणीआधी एकदा तो डबा उघडा आणि फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून बघा.