माहीम ते वेसावे : एका रविवारची फेरी

"काका, आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असा कमिटीचा निरोप आला, तेव्हा वाटलं, नुसत्या सनावळ्या देण्यापेक्षा एक रस्ताच सांगावा. एखाद्या रविवारी नातवंडांना गाडीत घाला आणि माहीमपासून वेसाव्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने या. अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण थांबत थांबत आलात तर दिवस पुरत नाही.

सुरुवात माहीमच्या कॉजवेपासून. 1661 च्या तहाने मुंबई बेट इंग्रजांकडे गेलं, पण खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे वांद्र्याला जायचं तर होडीने, आणि दुसऱ्याच्या राज्यात! 1737 ते 39 च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांनी जिंकली, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतली. तरीही खाडीवर रस्ता व्हायला 1845 साल उजाडलं. सरकार खर्चाला तयार नव्हतं, तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. आज आपण तिथे सिग्नलला वैतागतो, तेव्हा त्या बाईंची आठवण ठेवावी.

कॉजवे ओलांडून बँडस्टँडच्या टोकाला पोर्तुगीजांचा 1640 चा किल्ला आहे. वर मोतमाउलीचं देऊळ, म्हणजे माउंट मेरी. सप्टेंबरच्या जत्रेला कोळी बांधव आणि हिंदू भाविकही तितक्याच श्रद्धेने जातात. तिथून उतरून रणवार गावठाणात मात्र पायीच फिरा. लाकडी जिने, बाहेर काढलेले सज्जे, कौलारू छपरं आणि कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. 1896 च्या प्लेगमध्ये लोकांनी जागोजागी असे क्रूस उभारले. इथले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी, पण घरची बोली मराठी! व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, त्यांनी संस्था स्थापून हे नाव घेतलं. बाहेरून नोकरीला आलेल्या इतर ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून.

पुढे पाली हिल लागते. नटनट्यांचे बंगले सगळ्यांना माहीत असतात, पण टेकडीला नाव दिलं ते पायथ्याच्या पाली गावाने. तसाच खारदांडा. जुहूची ओळख तर सिनेमावाल्यांनीच व्यापली आहे. पण 1924 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी विश्रांतीला इथेच राहिले होते, आणि 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथल्याच विमानतळावर उतरले.

शेवटी आपलं वेसावं. समोर खाडीपलीकडे मढचा किल्ला, तोही 1739 मध्ये मराठ्यांनी घेतलेला. सात बंगला, चार बंगला ही नावं समुद्रकाठच्या जुन्या बंगल्यांची. आता तिथे टॉवर आहेत. लोखंडवाला तर 1980 च्या दशकात दलदलीवर भराव घालून उभं राहिलं. कोळीवाडा मात्र या सगळ्याच्या आधीचा.

या रस्त्यावर एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं, उपनगरांच्या मध्ये कुठेकुठे जुनी गावं अडकून राहिली आहेत. खरं तर उलट आहे, उपनगरं गावांच्या शेतांत आणि खाजणांत उभी आहेत. सोसायटीच्या कन्व्हेयन्सच्या वेळी कागद तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं. आपल्या प्लॉटच्या जुन्या उताऱ्यावर भातशेतीची नोंद आहे, आणि खातेदारांची आडनावं याच गावातली आहेत.

दुसरा मुद्दा बँकेतल्या अनुभवाचा. गावठाण म्हणजे गावकऱ्यांच्या राहत्या घरांची जागा. तिच्यावर शेतसारा नसे, म्हणून सरकारलाही घर न् घर मोजायची घाई नसे. परिणामी अनेक घरांना आजही स्वतंत्र प्रॉपर्टी कार्ड नाही. शेत विकून पैसे घेतले ते एका पिढीत संपले, आणि चार पिढ्यांच्या घरावर मात्र कर्ज मिळत नाही, कारण तारणाला कागद नाही! अशी माणसं माझ्या टेबलासमोरून परत गेलेली आहेत. आपल्या पंचवीस वर्षांच्या फ्लॅटवर आठवड्यात कर्ज मंजूर होतं.

हे आता सांगायचं कारण आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत सुक्या मासळीच्या वासाबद्दल महापालिकेला तक्रार करावी असा विषय निघाला आणि पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. वास येतो हे मीही नाकारत नाही. पण ते बोंबील तिथे आपल्या इमारतीचा पाया खणण्याआधीपासून वाळताहेत, आणि दर शुक्रवारी आपल्या गेटवर घासाघीस करून आपण तेच घेतो. कचऱ्याचा प्रश्न असेल तर तो वेगळा, त्यासाठी चार जणांनी कोळीवाड्यात जाऊन समोरासमोर बोलावं. तक्रारीच्या ठरावाला माझा विरोध आहे, तो इथे नोंदवून ठेवतो.

आणि एक सूचना. रौप्यमहोत्सवाची सहल या वर्षी लोणावळ्याला न नेता याच रस्त्याने काढावी. शेवटचं जेवण वेसाव्यात, कोळणींच्या हातचं. शाकाहारी मंडळींसाठी तांदळाच्या भाकऱ्या असतीलच. नावं माझ्याकडे द्यावीत.