दिनविशेष : १६ ऑक्टोबर, कार्डिफचा राक्षस

१६ ऑक्टोबर १८६९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कार्डिफ गावी विल्यम न्यूएल याच्या कोठारामागे विहीर खणताना मजुरांना सुमारे १० फूट लांबीचा दगडी मनुष्यदेह सापडला आणि तो अश्मीभूत, म्हणजे काळाच्या ओघात दगड बनलेला, पुराणपुरुष असल्याची वदंता पसरली. वस्तुतः तो न्यूएलचा नातलग व तंबाखूचा व्यापारी जॉर्ज हल याने आदल्या वर्षी पुरून ठेवलेला पुतळा होता. बायबलातील महाकाय मानवांचा उल्लेख अक्षरशः खरा मानणाऱ्या एका धर्मोपदेशकाशी झालेल्या वादातून हलला ही कल्पना सुचली. आयोवातून आणलेल्या जिप्समवर, म्हणजे प्लॅस्टर ज्यापासून करतात त्या मऊ खडकावर, शिकागोत कोरीवकाम झाले, फळीत ठोकलेल्या विणकामाच्या सुया आपटून त्वचेची रंध्रे उमटवण्यात आली, तर जुनेपणा आम्लाने आणला गेला. तंबूतल्या दर्शनासाठी प्रथम २५ आणि लगेच ५० सेंट आकारले जात. येल विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ ओथनिएल मार्श यांनी तो बनावट ठरवला, तरी गर्दी हटली नाही. उलट पुतळा मिळेना म्हणून तमाशागीर पी. टी. बार्नम याने त्याचीच प्रतिकृती न्यूयॉर्क शहरात मांडली, म्हणजे नकलेचीही नक्कल खपली. डिसेंबरात हलने कबुली दिली. मूळ पुतळा आज कूपर्सटाउनच्या फार्मर्स म्युझियममध्ये आहे.